पोलिसांना डीएनए द्यायचा का?

उप्पल रोडने रोज ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांनी सीसीएमबीची पाटी शेकडो वेळा वाचली असेल. काहींनी मुलांना ओपन डेला आत नेऊनही आणलं असेल. पण भारतातल्या पोलीस तपासात डीएनए आला तो याच रस्त्यावरून, हे आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि तो आला एका सापामुळे.

डॉ. लालजी सिंह मूळचे उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याचे. बनारस हिंदू विद्यापीठात आणि पुढे एडिंबरोला त्यांचं काम सापांच्या गुणसूत्रांवर चाललं होतं. पट्टेरी मण्यार या सापात त्यांना डीएनएचा एक पुन्हापुन्हा येणारा तुकडा सापडला. तेव्हा त्याचा पोलिसांशी काडीचाही संबंध नव्हता. १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखता येतो हे दाखवलं. पुढे सीसीएमबीत आलेल्या लालजी सिंहांनी मण्यारीच्या त्या तुकड्यातून आपली स्वतंत्र पद्धत उभी केली. १९९१ मध्ये केरळमधल्या थलश्शेरीच्या न्यायालयात पितृत्वाच्या एका वादात ते साक्षीला उभे राहिले आणि भारतीय न्यायालयात डीएनएचा पुरावा मान्य झाला. त्यानंतर राजीव गांधी हत्येच्या तपासापासून अनेक प्रकरणांचे नमुने हैदराबादला येऊ लागले. काम इतकं वाढलं की नव्वदच्या दशकात सीडीएफडी ही वेगळी संस्थाच काढावी लागली. तीही आता उप्पललाच आहे.

हे सगळं अभिमानाने सांगण्यासारखं आहे. दिल्लीच्या प्रियदर्शिनी मट्टू खटल्याचं उदाहरण घ्या. १९९६ च्या जानेवारीत कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपी एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. डीएनएचा अहवाल सीसीएमबीने दिला होता, तरी १९९९ मध्ये खालच्या न्यायालयात तो सुटला. २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तोच अहवाल ग्राह्य धरून त्याला दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये फाशीची जन्मठेप केली, पण दोष कायम ठेवला. बापाच्या हुद्द्याकडे न बघणारा साक्षीदार आपल्या शहरातल्या प्रयोगशाळेतून मिळाला होता.

तेव्हा ‘तपासात डीएनए वापरावा का’ हा प्रश्नच नाही. वापरलाच पाहिजे. माझा प्रश्न पुढचा आहे. एका गुन्ह्यातल्या एका संशयिताचा नमुना तपासणं वेगळं आणि लाखो लोकांचे नमुने घेऊन त्यांचा कायमचा डेटाबेस करून ठेवणं वेगळं. पहिल्याला बहुतेक सगळे हो म्हणतात. दुसऱ्याला हो म्हणताना आपण कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर आणतो, त्यावर उत्तर ठरतं.

गेल्या कोजागिरीला मसाला दूध आटत असताना मी सहज हा विषय काढला. (आमच्या ग्रुपमध्ये मी असले विषय काढतो म्हणून बदनाम आहेच.) काचीगुड्याच्या एक काकू लगेच म्हणाल्या, “घेऊ देत की सगळ्यांचा. उद्या आपल्या पोरीबाळींना काही झालं तर?” बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “आधारला दहाही बोटं दिली, डोळे दिले. आता थुंकी द्यायला काय जातंय?” कोंडापूरला राहणारे माझ्या वयाचे दोघं-तिघं आयटीवाले थोडे सावध होते, पण त्यांची भीती हॅकरची होती, पोलिसांची नव्हती. आणि एकाने ते नेहमीचं वाक्य टाकलंच, “आपण काही केलंच नाही तर घाबरायचं कशाला?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना हेच मी आमच्या टीममधल्या एका मित्राला सांगितलं. तो जुन्या शहरातला, शालीबंड्याचा. तो हसला आणि म्हणाला, “तुमकू रात कू रोड पे कौन रोकता यारो?”

त्याचं म्हणणं असं की, त्याच्या मोहल्ल्यात रात्री कट्ट्यावर बसलेल्या पोरांना पोलीस उचलून नेतात, समज देऊन सकाळी सोडतात. या मोहिमेला शहरात ‘ऑपरेशन चबुतरा’ असं नावही आहे. वस्ती वेढून घरोघर झडती घेण्याच्या ‘कॉर्डन अँड सर्च’च्या बातम्या तर आपणही पेपरात वाचतो. ठसे घेतल्याच्या, फोटो काढल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये रस्त्यात थांबवून मास्क काढायला लावून फोटो घेतला म्हणून शहरातल्या एका सामाजिक कार्यकर्त्याने तेलंगण उच्च न्यायालयात याचिका केली. चेहरा ओळखणाऱ्या तंत्रज्ञानाला भारतात दिलेल्या पहिल्या आव्हानांपैकी ते एक आहे. माझ्या चौदा वर्षांच्या हैदराबादच्या वास्तव्यात मला एकदाही कोणी असं थांबवलेलं नाही. ड्रंक अँड ड्राइव्हच्या नाक्यावर फुंकर मारायला लावली, तेवढीच.

काकू आणि माझा मित्र एकाच शहराबद्दल बोलत होते. काकूंना डेटाबेस म्हटल्यावर त्यांची मुलगी दिसते, माझ्या मित्राला त्याचा धाकटा भाऊ दिसतो. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत.

काकूंची बाजू हलकी समजू नका. नोव्हेंबर २०१९ आठवा. शमशाबादच्या टोलनाक्याजवळ एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर झालेला अत्याचार, तिचा खून, शादनगरजवळ जाळलेला मृतदेह. आपल्यापैकी अनेकींनी त्या आठवड्यात रात्रीची कॅब बंद केली होती. ६ डिसेंबरच्या पहाटे चारही आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले आणि त्याच दिवशी लोकांनी त्या जागी पोलिसांवर फुलं उधळली. त्या दिवशी ‘सगळ्यांचा डीएनए घ्यायचा का’ असं विचारलं असतं तर शहराने एकमुखाने हो म्हटलं असतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात त्यांनी म्हटलं की पोलिसांची हकिगत बनावट होती, गोळीबार मारण्याच्याच हेतूने झाला आणि चौघांपैकी तिघं त्यावेळी अल्पवयीन होते. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारसही केली.

फुलं उधळणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. तो संताप खरा होता. पण अशा आठवड्यात तयार झालेलं जनमत पंचाहत्तर वर्षांच्या नोंदीचा पाया होऊ नये, एवढं वाटतं. पंचाहत्तर हा आकडा कुठून आला ते सांगतो.

बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याकडे डीएनएचा कायदा झालेलाच आहे. काहींना वाटतं तो अजून यायचा आहे. खरं दोन्हींच्या मधे आहे. २००७ पासून डीएनए विधेयकाचे मसुदे होत होते. पहिल्या मसुद्यामागे आपल्या सीडीएफडीचाही हात होता. जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेने ते मंजूर केलं, राज्यसभेत अडकलं, लोकसभेची मुदत संपली. जुलै २०१९ मध्ये पुन्हा मांडलं, संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं. २०२१ मध्ये समितीचा अहवाल आला तेव्हा त्याला जोडलेल्या असहमतीच्या टिपणांपैकी एक हैदराबादच्या खासदारांचं, असदुद्दीन ओवैसींचं होतं. शेवटी जुलै २०२३ मध्ये सरकारने ते विधेयक मागेच घेतलं.

का? कारण तोवर दुसरा कायदा झाला होता. एप्रिल २०२२ मध्ये संसदेने फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा संमत केला. १९२० चा जुना कायदा ठसे, पाऊलखुणा आणि फोटोंपुरता होता. नव्यात बुबुळं, डोळ्यातला पडदा, सही, हस्ताक्षर आणि ‘जैविक नमुने व त्यांचं विश्लेषण’ आलं. डीएनए हा शब्द त्यात कुठेही नाही, पण जैविक नमुन्याचं विश्लेषण म्हणजे दुसरं काय? या नोंदी दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे म्हणजे एनसीआरबीकडे ७५ वर्षं राहतात. दोषी ठरलेल्यांच्याच नव्हे, अटक झालेल्यांच्याही. अटक झालेल्याला जैविक नमुना नाकारता येतो, पण गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि सात वर्षांहून कमी शिक्षेचा असेल तरच. शिवाय तपासाला आवश्यक वाटलं तर मॅजिस्ट्रेट कोणाही व्यक्तीला मापं द्यायचा आदेश देऊ शकतात.

मागे घेतलेल्या विधेयकात अनेक दोष होते, पण त्यात निदान डीएनएसाठी वेगळं नियामक मंडळ होतं आणि प्रयोगशाळांना मान्यता घेण्याची सक्ती होती. आता नमुने घेण्याचा अधिकार आला आणि ती राखण मात्र विधेयकाबरोबरच गेली. या उलट्या व्यवहाराबद्दल पेपरांत जेवढं यायला हवं होतं तेवढं आलं नाही.

‘सगळ्यांचाच घ्या’ या काकूंच्या सूचनेची परीक्षा आपल्या शेजारी एकदा जवळपास झाली आहे, गोव्यात. जानेवारी २०१३ मध्ये वास्कोच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. तपास सीबीआयकडे गेला. घटनास्थळी बोटाचे ठसे मिळाले होते, जुळणारा माणूस मिळत नव्हता. तेव्हा सीबीआयने आधारकडे गोव्यात नोंदलेल्या सगळ्या लोकांची बायोमेट्रिक माहिती मागितली. म्हणजे पेडण्याच्या आजीपासून काणकोणच्या पाद्र्यापर्यंत सगळे संशयित. वास्कोच्या न्यायालयाने माहिती द्या म्हटलं. आधार प्राधिकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलं, तिथे समाधान झालं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि सांगितलं की कोणाचीही बायोमेट्रिक माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही यंत्रणेला देऊ नये.

प्राधिकरणाने फक्त गोपनीयतेचा मुद्दा मांडला नव्हता. ही यंत्रणा ‘हा तोच माणूस आहे ना’ एवढं तपासायला बनवली आहे, गुन्हेगार शोधायला नाही आणि तशी वापरली तर निर्दोष लोक अडकतील, असंही त्यांचं म्हणणं होतं. इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. समजा एखादी यंत्रणा दहा हजारात एकदाच चुकते, म्हणजे ९९.९९ टक्के बरोबर. ऐकायला उत्तम. पण अख्ख्या गोव्याशी एक ठसा ताडून बघितला तर शंभर-दीडशे निरपराध माणसांची नावं खाली पडतील आणि त्यातल्या प्रत्येकाच्या दारात पोलीस उभे राहतील. एक संशयित हातात असताना तपासणी करणं आणि संशयितच डेटाबेसमधून काढणं या दोन्हींचं गणित असं वेगळं आहे.

डीएनए ठशांपेक्षा कितीतरी नेमका असतो, हे खरं. स्वच्छ आणि पूर्ण नमुना असेल तर दोन वेगळ्या माणसांची प्रोफाइल जुळण्याची शक्यता नगण्य असते. (जुळ्यांचं सोडा.) पण गुन्ह्याच्या जागी स्वच्छ आणि पूर्ण असं फार कमी मिळतं. तिथे तिघांचा डीएनए एकमेकांत मिसळलेला असतो, अर्धवट असतो, उन्हापावसात खराब झालेला असतो. शिवाय डीएनए खोटं बोलत नसला तरी तो गोळा करणारे हात माणसांचेच असतात. जर्मनीत अनेक वर्षं पोलीस एका बाईच्या मागावर होते. हाइलब्रॉनमध्ये एका पोलीस अधिकारी तरुणीचा खून, इतर खून, घरफोड्या, चाळीसेक ठिकाणी तिचा डीएनए सापडला होता. तिला पकडण्यासाठी मोठं बक्षीस लावलं होतं. २००९ मध्ये उलगडा झाला. तो डीएनए नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्या पॅक करणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा होता! काड्या निर्जंतुक होत्या, पण डीएनएमुक्त नव्हत्या. तिकडचे पोलीस एका काडीच्या मागे गावभर धावत होते.

आपल्याकडे काडीपेक्षा मालखान्याची काळजी जास्त. दिल्लीतल्या छावला प्रकरणात २०१२ च्या फेब्रुवारीत नमुने घेतले गेले आणि प्रयोगशाळेत जाईपर्यंत दहा दिवसांहून अधिक काळ पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून राहिले. फेरफार झालाच नाही असं म्हणता येत नाही, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशी झालेल्या तिघांनाही सोडलं. विचार करा, ते दोषी असतील तर त्या मुलीला न्याय मिळाला नाही. निर्दोष असतील तर त्यांची दहा वर्षं गेली. कुठूनही बघितलं तरी नुकसान मालखान्यातल्या त्या दिवसांनी केलं. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका फाशीच्या खटल्यातही नमुने हाताळण्यातल्या ढिसाळपणामुळे आरोपी सुटला. तेव्हा न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, तो कोणाच्या हातातून कोणाकडे गेला याची नोंदवही निकालापर्यंत ठेवली पाहिजे, न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुडकं पुन्हा उघडता कामा नये. हे २०२५ मध्ये सांगावं लागलं. आम्ही ऑफिसात चार ओळींचा कोड बदलला तरी कोणी, कधी, का बदलला याचा लॉग राहतो.

‘मग प्रोफाइल साठवली तर बिघडलं काय, ते नुसते आकडे असतात’ असंही कोणी म्हणेल. तेही अर्धं खरं. पोलिसांची प्रोफाइल म्हणजे डीएनएवरच्या वीसेक ठरावीक जागी कोणता तुकडा किती वेळा येतो याचे आकडे. त्यावरून तुमचा रंग, आजार, स्वभाव काही कळत नाही. जाणीवपूर्वक तशाच जागा निवडल्या आहेत. पण ज्या रक्तातून ते आकडे काढले, त्या रक्तात सगळं असतं. प्रोफाइल म्हणजे पासवर्डचा हॅश समजा, तर नमुना म्हणजे तुमचा पूर्ण लॅपटॉप. तेव्हा आकडे काढल्यावर मूळ नमुना नष्ट केला का, हा प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे.

आता पुसण्याकडे येतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. २०२२ चा कायदा सांगतो की, आधी शिक्षा झालेली नसेल आणि तुम्ही निर्दोष सुटलात, खटला न चालवता सोडलं गेलं, तर सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर नोंद नष्ट करायची. न्यायालय किंवा मॅजिस्ट्रेटने कारणं देऊन ठेवायला सांगितलं तर ठेवायची. नियमांप्रमाणे तशी विनंती राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची. कागदावर ठीक दिसतं. पण ‘सगळे मार्ग संपल्यावर’ म्हणजे आपल्या न्यायालयांत किती वर्षं? आणि कट्ट्यावरून उचललेला पोरगा, किंवा बिदरहून बांधकामावर आलेला मजूर, नोडल अधिकारी कुठे बसतो हे शोधत जाणार आहे का? आयसीजेएस नावाची प्रणाली पोलीस, न्यायालयं, तुरुंग आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांचे संगणक जोडण्यासाठीच आहे. निर्दोष सुटल्याचा अंतिम निकाल नोंदला गेला की एनसीआरबीकडची नोंद आपोआप उडावी, हे तांत्रिकदृष्ट्या काही चंद्रयान नाही. दोन-तीन महिन्यांचं काम आहे. भरायचं काम आपोआप आणि पुसायचं अर्जावर, ही रचना कोणीतरी ठरवून केलेली असते किंवा कोणी विचारच केलेला नसतो.

वही कोणाच्या नावांनी भरते, हे आपल्या मराठी घरांना तरी सांगायची गरज पडू नये. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी अशा जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांची नावं पोलिसांच्या रजिस्टरवर, हजेरी पोलीस पाटलाकडे, सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. तरी आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते. ‘उचल्या’ आणि ‘उपरा’ आपण शाळा-कॉलेजात वाचली ती काही कल्पित कथा म्हणून नाही. शंभर वर्षांपूर्वी रजिस्टरात नाव गेलेल्या माणसाचा नातू आजही संशयित असतो, तर ७५ वर्षं टिकणाऱ्या संगणकीय रजिस्टरात काय होईल? देशाच्या तुरुंगांत दर चारांपैकी जवळपास तीन कैदी कच्चे असतात, म्हणजे अजून दोष सिद्ध न झालेले. त्यात दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. अटक झालेल्यांच्या नमुन्यांनी भरलेला डेटाबेस याच प्रमाणात भरणार. पुढच्या गुन्ह्यात शोध तिथेच होणार आणि सापडणारही तिथलीच माणसं. गच्चीबोलीच्या गेटेड सोसायटीत गुन्हे होत नाहीत असं नाही, पण तिथल्यांची प्रोफाइल कुठे असते?

ही विषमता इंग्लंडमध्येही लक्षात आली होती. तिथला राष्ट्रीय डेटाबेस १९९५ पासूनचा. २००७ मध्ये सेडली नावाच्या ज्येष्ठ न्यायाधीशांनीच म्हटलं की असा अर्धवट डेटाबेस अन्यायकारक आहे, ठेवायचा तर सगळ्यांचा ठेवा. २००८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने उलट दिशेने निकाल दिला: निर्दोष सुटलेल्यांचे नमुने सरसकट ठेवून घेणं बेकायदा. पुढे तिथे लाखो निर्दोष लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. ‘सगळ्यांचा’ हा प्रयोग एका देशाने कायद्याने करूनही बघितला. कुवेतमध्ये २०१५ मध्ये मशिदीत बॉम्बस्फोट झाल्यावर नागरिक, रहिवासी आणि पाहुणे अशा सर्वांचा डीएनए घेण्याचा कायदा झाला. आपल्या शहरातली हजारो कुटुंबं कुवेतच्या पगारावर उभी आहेत, त्यांचाही त्यात समावेश होता. २०१७ मध्ये तिथल्याच घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला.

मग पोलिसांनी करायचं काय? लेस्टरजवळच्या दोन गावांत १९८३ आणि १९८६ मध्ये दोन मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने एका खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या चाचणीने आधी तो मुलगा निर्दोष ठरला. गुन्ह्याच्या तपासात डीएनएने जगात पहिल्यांदा केलं ते हे काम. मग पोलिसांनी आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांना रक्त द्यायचं आवाहन केलं. लोक रांगा लावून आले. खुनी मात्र आला नाही. त्याने सहकाऱ्याला आपल्या नावाने पाठवलं, ते पबमधल्या गप्पांतून फुटलं आणि तो पकडला गेला. अशा आवाहनाला मी रांगेत उभा राहीन. गुन्हा एक, गाव एक, हेतू सांगितलेला आणि काम झाल्यावर माझा नमुना नष्ट करण्याचं लेखी आश्वासन. काकूंनाही मी हेच म्हणालो. त्या म्हणाल्या, “लेखी देतील का?” प्रश्न अगदी नेमका होता.

शेवटी घरची गोष्ट. २०१३ च्या दिवाळीच्या तोंडावर बंगळुरूहून हैदराबादला येणारी व्होल्वो बस महबूबनगर जिल्ह्यात पालेमजवळ पेटली आणि ४५ जण गेले. त्या बसने आमच्यातले कित्येकजण महिन्याआड प्रवास करायचे. देह ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. आईवडिलांच्या, भावंडांच्या रक्तावरून ओळख पटवून ते घरच्यांच्या ताब्यात दिले. त्याच वर्षी केदारनाथच्या पुरातल्या मृतांचे नमुनेही आपल्या सीडीएफडीत तपासले गेले. म्हणजे माझं रक्त माझ्या भावाची ओळख सांगू शकतं. याला दुसरी बाजू आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात चाळीस वर्षांपूर्वीच्या खुनांचा आरोपी पकडला, तोही माजी पोलीसच निघाला. त्याने कुठेही डीएनए दिला नव्हता. त्याच्या दूरच्या चुलत-मावस भावंडांनी वंशावळ शोधायच्या हौसेने एका वेबसाइटवर दिला होता. तेवढ्यावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले.

आमच्या न्यू जर्सीच्या चुलतबहिणीने मागच्या उन्हाळ्यात तसंच किट मागवलं. थुंकी नळीत भरायची, पोस्टाने पाठवायची, पूर्वज कुठले ते कळतं. असल्याच एका मोठ्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली, हे मी तिला सांगितलं. तिने आमच्या चुलत-आते भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, “तुमच्यापैकी कोणाला हरकत आहे का?” बावीस जण आहोत. अकरा जणांनी ‘चालेल’ म्हटलं, सहा जणांनी निळी टिक दाखवून मौन पाळलं, नांदेडच्या आत्येभावाने गोत्र आणि कुलदैवत फुकटात सांगतो म्हणून मेसेज टाकला आणि उरलेल्या चौघांनी हरकत घेतली. त्यातला एक पुण्याला पोलीस खात्यात आहे.

तिने ते किट अजून पाठवलेलं नाही.